मलपृष्ठ वाचणाऱ्यांनो, ऐका

आठवी-नववीच्या मुलामुलींनो, ग्रंथालयाच्या उन्हाळी वाचन उपक्रमाच्या तुमच्या वह्या माझ्याकडे आल्या. सगळ्या वाचल्या. कित्येकांनी पुस्तकाच्या मलपृष्ठावरचा मजकूर जसाच्या तसा उतरवलाय. काहींनी एकमेकांचं बघून लिहिलंय, शुद्धलेखनाच्या त्याच चुकांसकट. वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' वाचलं, असं लिहून खाली सही ठोकणाऱ्याला मी एवढंच विचारलं, की कार्व्हर आणि शेंगदाणा यांचा संबंध काय? तो माझ्याकडे बघत उभा राहिला. मला राग आलाय आणि तो मी लपवणार नाही.

तुमच्यातल्या अनेकांच्या घरची माणसं इथल्या एपीएमसी मार्केटात राबतात. तिथे गोणीतला माल हातात घेऊन पाहिल्याशिवाय कोणी कांद्याचा भाव बोलत नाही. तुम्ही मात्र पुस्तक न उघडता 'अत्यंत प्रेरणादायी' असं लिहून मोकळे होता! ही लबाडी आहे. यात ग्रंथालयाचं काही जात नाही, प्रमाणपत्र ते देतीलच. जातंय ते तुमचं.

म्हणे, ऊन फार होतं. त्याच उन्हात मैदानावर दुपारभर क्रिकेट चालतं, ते मी बघते. म्हणे, वेळ मिळाला नाही. मोबाइलवर रील बघताना रात्रीचे बारा वाजतात, तो वेळ कुणाचा? म्हणे, हे लहान मुलांचं काम, आम्ही मोठे झालो. मोठे झालात ना, मग व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' घ्या. तुमच्याहून थोडासाच मोठा असलेला एक मास्तर एका धनगरवाडीत शाळा कशी चालवतो, ते वाचा. अण्णा भाऊ साठ्यांचा 'फकिरा' घ्या. अण्णा भाऊंना शाळा जेमतेम दीड दिवस मिळाली, असं सांगतात. वाटेगावहून ते मुंबईत आले, मिळेल ते काम केलं आणि अक्षरं स्वतःच्या जिद्दीने शिकले. तुम्हाला आठ वर्षं शाळा मिळाली आहे. त्या आठ वर्षांचं काय केलंत, हे मी विचारणारच.

सुट्टीत चार पुस्तकं नाही वाचली तर काय बिघडतं, असं वाटत असेल तर नीट ऐका. अमेरिकेतल्या बार्बरा हेन्स या समाजशास्त्रज्ञ बाईंनी अटलांटा शहरातल्या सहावी-सातवीच्या मुलांचा अभ्यास केला. त्यावरचं त्यांचं पुस्तक 1978 साली आलं. त्यांना दिसलं ते असं : शाळा चालू असते तेव्हा गरीब आणि सुखवस्तू घरांतली मुलं बरीचशी बरोबरीने पुढे जातात, पण सुट्टी लागली की त्यांच्यातलं अंतर वाढतं. ज्यांनी सुट्टीत पुस्तकं वाचली, ती मुलं टिकली. या वाचनाला सगळ्यात मोठा आधार होता सार्वजनिक ग्रंथालयाचा. ज्यांच्या घराजवळ ग्रंथालय होतं, ती जास्त वाचत होती.

याचा अर्थ समजून घ्या. ज्यांच्या घरात पुस्तकांचं कपाट आहे, सुट्टीत शिबिरं आहेत, त्यांनी एखादा उन्हाळा वाया घालवला तरी त्यांना सावरणारं कोणीतरी असतं. तुर्भे स्टोअरच्या, इंदिरानगरच्या दहा बाय बाराच्या खोलीत राहणाऱ्या तुम्हाला ही चैन परवडत नाही. हे बोलताना मला त्रास होतो, पण खोटा दिलासा देऊन तुमचं भलं होणार नाही.

खोलीत जागा नाही, गोंगाट असतो, हे मला मान्य आहे. परळच्या चाळीतल्या एका खोलीत राहणाऱ्या भीमरावालाही ती अडचण होतीच. तो चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसायचा. तिथे कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकांनी त्याला हेरलं, त्याची चौकशी केली, त्याला पुस्तकं दिली. 1907 मध्ये तो मॅट्रिक झाला, तेव्हा सत्काराच्या सभेत त्यांनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्याच्या हातात ठेवलं. दर 14 एप्रिलला मिरवणुकीत पुढे नाचता ना? मग त्या माणसाची वाचायची सवय कधी उचलणार?

आता पालकांनो, तुमच्याशी. दहा-बारा हजारांचा मोबाइल हप्त्यावर येतो आणि ग्रंथालयाची अनामत भरताना हात आखडतो, हे बरोबर नाही. मुलगी पुस्तक घेऊन बसली की तिला पाणी भरायला उठवता, मुलगा रस्त्यावर फिरत असला तरी चालतं. घरकाम दोघांत वाटा. तुम्हाला वाचता येत नसेल तर त्यात लाज कसली? रात्री जेवणं झाली की पोरांना मोठ्याने वाचायला लावा आणि तुम्ही ऐका. वाचलं की नाही, ते त्यांच्या अडखळण्यावरून तुम्हाला बरोबर कळेल.

आणि ग्रंथालय चालवणाऱ्यांनाही मी सोडणार नाही. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा 1967 पासून आहे. डॉ. एस. आर. रंगनाथनांनी 1931 मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यांतला पहिलाच सांगतो, की पुस्तकं वापरण्यासाठी असतात. मग पोरं फाडतील या भीतीने बालविभागाच्या कपाटाला कुलूप का? किती मुलांनी नावं नोंदवली, हा आकडा अहवालात छान दिसतो. त्यातल्या एकाशी तरी पुस्तकाबद्दल पाच मिनिटं बोललात का? ठाणे-बेलापूर रस्त्याची वाहनं चुकवत लहान मुलं तुमच्यापर्यंत येऊ शकत नसतील, तर पुस्तकांची पेटी घेऊन तुम्ही वस्तीत जा.

मुलांनो, शाळा उघडायला अजून तीन आठवडे आहेत. या वह्या मी रद्द केल्यात. नव्या वह्या मला नकोत. प्रत्येकाने एकच पुस्तक घ्यायचं, जाड-बारीक कसलंही. मराठी जड जात असेल तर 'किशोर'चा अंक घ्या. बालभारती हे मासिक 1971 पासून तुमच्यासाठीच काढते आणि जुने अंक मोबाइलवर फुकट वाचायला मिळतात, म्हणजे पुस्तक मिळत नाही, हे निमित्तही संपलं. शाळा सुरू झाली की मी एकेकाला समोर बसवून तोंडी विचारणार आहे. पुस्तक आवडलंच पाहिजे, अशी माझी सक्ती नाही. नाही आवडलं तर खुशाल तसं सांगा. पण कितव्या पानावर कंटाळा आला आणि का आला, हे सांगता आलं पाहिजे.