विटाळ कुणाला लागतो?

रुग्णालयातील सफाई कामगाराच्या एकाच पाळीत जन्म, मृत्यू आणि रक्त या तिन्ही गोष्टी येऊ शकतात. परंपरेने नेमका याच गोष्टींचा सोयर, सुतक आणि विटाळ मानला. घरात मृत्यू झाला की दहा दिवस सुतक. वॉर्डातली खाट मात्र धुऊन-पुसून लगेच पुढच्या रुग्णाला द्यावी लागते. घाण काढणाऱ्यालाच ती चिकटते का, हा धर्मविचारातला जुना प्रश्न येथे रोज उभा राहतो.

रुग्णालयाचे उत्तर त्याच्या कामाच्या रीतीत आहे. फरशीवर रक्त सांडले की मावशी आधी हातमोजे चढवते, रक्तावर टिपून घेणारे कापड टाकते, त्यावर सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण ओतून काही मिनिटे थांबते आणि मग कडेकडून मध्याकडे पुसत येते. मधून बाहेर पुसले तर संसर्ग पसरतो. रक्ताने भिजलेले बोळे पिवळ्या पिशवीत, सलाइनच्या नळ्या लाल पिशवीत, सुया पांढऱ्या जाड डब्यात. हे रंग जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत ठरवून दिलेले आहेत. शेवटी साबणाने हात धुतले की विषय संपला. घाण वस्तूवर असते, हातावर असते आणि निघून जाते. डॉक्टरही या हिशेबातून सुटत नाही. १८४७ मध्ये व्हिएन्नात डॉ. सेमेलवाइस यांनी दाखवले, की शवविच्छेदन करून थेट प्रसूतिकक्षात येणाऱ्या डॉक्टरांच्या हातांमुळेच बाळंतिणी दगावत होत्या. अस्पृश्यतेच्या कल्पनेत मात्र डाग माणसावर असतो, जन्माने लागतो आणि कोणत्याही पाण्याने जात नाही.

धर्मपरंपरेत याला छेद देणाऱ्या कथाही आहेत. महाभारताच्या वनपर्वात मिथिलेचा मांसविक्रेता धर्मव्याध कौशिक नावाच्या ब्राह्मणाला धर्म शिकवतो. पण त्याचा धंदा वाडवडिलांकडून आलेला आणि पूर्वकर्माचे फळ म्हणूनच सांगितला जातो. माणसाला मान मिळाला, धंदा वंशाला बांधलेलाच राहिला.

हीच मेख गांधी आणि आंबेडकर यांच्या मतभेदात आहे. गांधींनी सफाईला पवित्र सेवा मानले, आश्रमात सर्वांना संडास साफ करायला लावले. आंबेडकरांनी १९४५ च्या ग्रंथात या गौरवावर कठोर टीका केली: ज्याला दुसरा पर्यायच नाही, त्याला त्याचे काम थोर असल्याचे सांगणे ही थट्टा आहे. येथे आंबेडकरांचे म्हणणे अधिक पटते. गाडगेबाबांनी खराटा स्वतःहून उचलला होता. सेवा म्हणावी ती अशी.

महाराष्ट्रात सरकारी आणि पालिकांच्या सेवेतल्या सफाई कामगाराच्या वारसाला लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार नोकरी मिळते. घराला तो मोठाच आधार आहे, पण झाडूही त्यासोबत पुढच्या पिढीकडे जातो. खाजगी रुग्णालयांत बहुतेक काम कंत्राटावर चालते. तिथे हा आधारही नसतो.

सेवाभावाची स्तुती करणाऱ्या प्रत्येक संस्थेने एवढे पाहावे: जैववैद्यकीय कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस-बी आणि धनुर्वाताची लस, संरक्षक साधने आणि वर्षातून किमान एकदा आरोग्य तपासणी देणे २०१६ च्या नियमांनी बंधनकारक केले आहे. कंत्राटी कामगारही त्यात येतो.