दोन नोंदी, किती माणसं?

डेटा इंजिनिअर म्हणजे करतेस काय, असं कुणी विचारलं की मी सांगते, नोंदींचं प्लंबिंग. ठिकठिकाणच्या याद्या आणायच्या, साफ करायच्या, जोडून पुढे सोडायच्या. नाशकातली आमची छोटी कंपनी हे आरोग्य आणि पोषणाच्या कार्यक्रमांसाठी करते. सामाजिक जबाबदारी आमच्या माहितीपत्रकावर पहिल्याच ओळीत आहे. चांगली कामं घेतली की ती पार पडली, असा एक समज असतो. मला ती भेटते एका कंटाळवाण्या जागी: दोन नोंदी एकाच माणसाच्या आहेत का, हे ठरवताना.

पेठ-सुरगाण्याकडची एखादी यादी घ्या. पाड्यावर बहुतेक घरांचं आडनाव एकच. मोठ्यांपैकी कितीतरी जणांची जन्मतारीख १ जून, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच टाकली. नाव, आडनाव, तारीख जुळली की प्रोग्रामला दोघं एकच दिसतात. बायकांचं नेमकं उलट. लग्नानंतर मधलं नाव बदलतं, आडनाव बदलतं, काही घरांत पहिलं नावही. (माझ्याच कागदांवर तीन नावं आहेत.) माहेरी सिकलसेलची तपासणी झालेली मुलगी सासरच्या दवाखान्यात कोऱ्या पानावर येते. एकच नियम दोघांचा एक करतो आणि एकीच्या दोघी करतो.

किती साम्य असलं की 'एकच' म्हणायचं, हा आकडा कुणीतरी टाकावा लागतो. आमच्याकडे तो मी टाकते. त्याला तांत्रिक बाब म्हणतात, पण दोन्ही चुका सारख्या नाहीत. दोनदा मोजलेला माणूस यादीत दिसतो, शोधता येतो. फार तर पोषण आहाराचं एक पाकीट जास्त जातं. चुकून दुसऱ्यात मिसळलेला माणूस यादीत उरतच नाही. तो तक्रार घेऊन आला तरी पडद्यावर दिसतं, 'लाभ मिळाला आहे'.

मग आधार आहे की, असं कुणीही म्हणेल. देशातलं पहिलं आधार आपल्याच विभागात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत, २९ सप्टेंबर २०१० रोजी दिलं गेलं. पण मजुरीने झिजलेली बोटं यंत्राला ओळखू येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८च्या निकालात न्या. चंद्रचूड यांनी आपल्या वेगळ्या निकालपत्रात अशा वगळल्या जाणाऱ्यांचा प्रश्न मांडला होता. क्रमांकाने आमचा प्रश्न हलका होतो, सुटत नाही.

म्हणून शंकेच्या जोड्या मी मिसळत नाही; त्या माणसाकडे पाठवते. हे ऐकायला सोज्वळ वाटतं. माणूस म्हणजे कोण? आशाताई. त्यांना बराचसा मोबदला कामागणिक मिळतो, आणि दोन पाड्यांवर जाऊन 'ही तीच का' विचारण्याचा दर त्या तक्त्यात नाही. माझ्या सद्सद्विवेकाचा खर्च त्यांच्या पायांवर पडतो.

पडताळणीच्या फेरीचे पैसे अंदाजपत्रकात धरा, असं मी नव्या प्रस्तावात लिहून दिलंय. पलीकडून एका ओळीचं उत्तर आलं: हे सॉफ्टवेअरमध्येच होत नाही का?