स्वस्ताईचे ऋण

वेतन हा आकडा आहे. त्याचे मोल मात्र ते जेथे खर्चावयाचे त्या गावावर अवलंबून असते. नाममात्र किंमत व खरी किंमत हा भेद ॲडम स्मिथने १७७६ सालीच मांडला होता. बदलीच्या निमित्ताने प्रांतोप्रांती हिंडणाऱ्या आपल्यासारख्यांस तो ग्रंथावाचूनही उमगतो. पगार तोच राहतो. पण एका गावी महिनाअखेर ओढाताण होते, तर दुसऱ्या गावी त्याच पगारात संसार ऐसपैस चालतो.

ही विषमता कमी करण्यासाठी शासनाने भत्त्याचा उपाय योजिला. सातव्या वेतन आयोगानंतरच्या व्यवस्थेत ५० लाख व त्याहून अधिक वस्तीची शहरे, ५ ते ५० लाखांची शहरे आणि त्यांहून लहान गावे असे तीन वर्ग होते. जानेवारी २०२४ पासून केंद्रीय नोकरांस तेथे अनुक्रमे मूळ वेतनाच्या ३०, २० व १० टक्के घरभाडे भत्ता मिळू लागला. मूळ वेतन ५०,००० रुपये असेल, तर दिल्लीत १५,००० आणि लहान गावी ५,०००. महागाई भत्त्याचा दर मात्र देशभर एकच; कारण तो अखिल भारतीय निर्देशांकावर बेतलेला असतो. या व्यवस्थेच्या न्यायान्यायाची चर्चा आपल्या बैठकींत पुष्कळ होते. परंतु तिच्या मुळाशी असलेला एक प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही : एखादे गाव स्वस्त असते, ते कशामुळे?

आगगाडीचे भाडे अंतरावर ठरते, गावाच्या ऐपतीवर नव्हे. औषधाची बाटली, मुलाचे पाठ्यपुस्तक, कारखान्यातून आलेले कापड यांच्या किमती गावोगावी फारशा बदलत नाहीत. स्वस्त असतात त्या मुख्यतः दोन गोष्टी : जागा आणि माणसाचे श्रम. जागा स्वस्त असण्याने सहसा कोणाचे पोट मारले जात नाही. श्रमांचे तसे नाही. धुणेभांडी करणारी बाई, दूधवाला, इस्त्रीवाला, रिक्षावाला यांची अल्प मिळकत हेच आपल्या सुखवस्तूपणाचे एक कारण असते. आपण ज्याला स्वस्ताई म्हणतो, ती त्यांच्या घरची टंचाई असते.

‘येथे सारे स्वस्त आहे, त्यांचेही एवढ्यात भागते,’ हे उत्तर अर्धेच खरे आहे. खोलीचे भाडे त्यांस कमी पडते हे कबूल. पण मूल आजारी पडले की औषध त्यांना आपल्याच दराने घ्यावे लागते.

येथे एक खरी अडचण आहे. बाहेरून आलेल्याने सढळ हाताने पैसे मोजले, तर गावातील भाव चढतात आणि ज्यांचे वेतन स्थानिक आहे त्यांस त्याची झळ लागते. घरभाड्याच्या बाबतीत हा आक्षेप रास्त आहे. भत्ता मिळतो म्हणून घरमालक सांगेल ते भाडे मुकाट्याने देणे हे औदार्य नव्हे. कामकऱ्याच्या मजुरीस मात्र तोच न्याय लावता येत नाही. तेथे चढलेला भाव ज्याच्या पदरी पडतो, तो बहुधा गावातील सर्वांत गरजू माणूस असतो.

१९५७ साली पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनाचे एक माप सांगितले. कुटुंबाचे अन्न, वर्षाचे ७२ वार कापड, घरभाडे, इंधन यांचा हिशेब करावा आणि मग वेतन ठरवावे. सातव्या आयोगाने १८,००० रुपयांचे किमान वेतन ठरविताना याच मापाचा आधार घेतला. आपल्या वेतनासाठी आपण गरजेचे माप मागतो आणि आपल्या दारी राबणाऱ्यास बाजारभावाचे माप लावतो. ही दोन मापे एका घरात कशी नांदावीत?

शासनाने गावांची वर्गवारी करावी, ती सुधारावी, आणि आपणही ती मागावी. त्यात गैर काही नाही. मात्र लहान गावी महिनाअखेरीस जी शिल्लक उरते, ती सर्वस्वी आपल्या काटकसरीची कमाई मानू नये. तिच्यात इतरांच्या कष्टांचा वाटा असतो, आणि तो निदान मजुरी ठरविताना तरी आठवावा.