अमानत खाली उतरते तेव्हा

सत्ता दिल्लीहून मुंबईला आणि मुंबईहून गावाच्या चावडीवर आली, म्हणजे न्यायही तिच्याबरोबर आला, असे मानता येईल काय? प्रश्न राज्यशास्त्राचा वाटतो. परंतु ज्याच्या हाती निर्णय आहे त्याला एक दिवस अल्लाहसमोर हिशेब द्यावयाचा आहे, असे मानणाऱ्यासाठी तो दीनचाही प्रश्न आहे.

सूरह निसामध्ये (४:५८) अमानती त्यांच्या हक्कदारांकडे सोपविण्याची आणि निवाडा न्यायाने करण्याची आज्ञा एकाच आयतीत आली आहे. अनेक भाष्यकारांनी या अमानतींमध्ये शासनाच्या अधिकाराचाही समावेश केला आहे. या दृष्टीने पाहिले तर अधिकार खाली देणे ही वरच्यांची मेहेरबानी नव्हे. ती अमानतीची परतफेड आहे.

हे तत्त्व जकातीत स्पष्ट दिसते. प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांनी हजरत मुआज बिन जबल (रजि.) यांना यमनला पाठविताना, तेथील श्रीमंतांकडून घेतलेली जकात तेथल्याच गरिबांना द्यावी, अशी शिकवण दिली. अन्यत्र अधिक गरज किंवा गरजू नातलग नसतील, तर एका वस्तीची जकात दुसरीकडे नेणे हनफी फिकहनेही मकरूह मानले आहे. शेजारची चूल आज पेटली नाही, हे दूरच्या खजिनदाराच्या आधी शेजाऱ्याला कळते.

आपल्या देशात ही परतफेड सावकाश झाली. महाराष्ट्रात १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. पुढे २४ एप्रिल १९९३ पासून त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती अमलात आली आणि पंचायतींना घटनेचा आधार मिळाला. अकराव्या अनुसूचीत पाणी, रस्ते, प्राथमिक शिक्षण, आरोग्य असे २९ विषय आहेत; मात्र त्यांपैकी किती अधिकार प्रत्यक्ष द्यावयाचे, हे राज्य विधिमंडळांवर सोपविले गेले. २०२२ नंतर मुंबई-पुण्यासारख्या महापालिकांचा कारभारही प्रदीर्घ काळ लोकनियुक्त सभागृहाविना प्रशासकांच्या हाती राहिला. सोपविण्याची अमानत अडवून ठेवणे हाही खयानतीचाच प्रकार होय.

तथापि दुसरी बाजू तितकीच गंभीर आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खेड्याच्या गौरवीकरणावर कठोर टीका केली. खेडे हे संकुचितपणाचे आणि जातीयतेचे घर आहे, असा त्यांचा आक्षेप होता. ज्याला पाणवठ्यावरून हाकलले गेले, त्याला पाणवठ्याचा अधिकार गावाकडे आल्याचा आनंद कसा व्हावा? दूरच्या जुलमाविरुद्ध जवळ आसरा मिळू शकतो; जवळच्या जुलमापासून पळून जायचे कोठे? म्हणूनच घटनादुरुस्तीने नियमित निवडणुका आणि अनुसूचित जाती, जमाती व स्त्रिया यांच्यासाठी राखीव जागा यांची तरतूद केली.

अधिकारी जवळ असणे आणि त्याचे दार उघडे असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हजरत साद बिन अबी वक्कास (रजि.) हे थोर सहाबी, तरीही कूफा येथील त्यांच्या निवासाच्या दरवाजामुळे लोकांची वाट अडते, असे कळताच हजरत उमर (रजि.) यांनी मुहम्मद बिन मस्लमा (रजि.) यांना पाठवून तो दरवाजा जाळविला, असे इतिहासग्रंथांत नमूद आहे. प्रांताचा कारभार प्रांतात सोपविला, तरी दुर्बलाची दाद घेण्याची जबाबदारी खलिफांनी स्वतःवरून उतरविली नाही.

आता आपल्याकडे वळू. सूरह शूरामध्ये (४२:३८) परस्परसल्ल्याने कारभार करण्याचा गुण नमाज आणि दान यांच्या मधोमध सांगितला आहे. ही सूरह मक्केतील. तेव्हा मुसलमानांच्या हाती कोणतेही राज्य नव्हते. म्हणजे शूरा हा केवळ राज्यकर्त्यांचा शिष्टाचार नाही, ती सामान्य श्रद्धावंताची सवय आहे. ग्रामसभेचे सदस्यत्व गावाच्या मतदारयादीतील प्रत्येकाला, स्त्री असो वा पुरुष, आपोआप मिळते. त्या दिवशी आपण घरी बसतो आणि नंतर गटार, रेशन, शाळा यांसाठी सरकारला दोष देतो. मत देताना लायकी न पाहता बिरादरी पाहतो. राखीव जागेवर भगिनी निवडून येते आणि खुर्चीवर तिचा पती बसतो. या खयानती दिल्लीच्या नव्हेत.

सत्ता दूर असते तेव्हा दोष देणे सोपे असते. ती दाराशी आली की सबब उरत नाही. शिवाय सूरह निसामध्येच (४:१३५) न्यायाची साक्ष स्वतःच्या किंवा आईवडिलांच्या विरोधात जात असली तरी द्यावी, असा आदेश आहे. आपला नळ आधी आला म्हणून नव्हे, तर पलीकडच्या वस्तीचा नळ अजून का आला नाही, हे विचारण्यासाठी सभेत उभे राहावे. वरून उतरलेल्या अधिकाराला न्यायाचे रूप येते ते तेथेच.

अल्लाह आपणा सर्वांना अमानत मागण्याचे धैर्य आणि ती सांभाळण्याची तौफीक देवो. आमीन.