काळोख आणि सावली

उपदेश करताना प्रकाश म्हणजे देव आणि काळोख म्हणजे पाप, अशी जोडी आपण सहज लावतो. ती शास्त्राला धरून आहे. परंतु हेच माप दुःखितांस लावले म्हणजे अन्याय होतो. एखाद्या घरी मूल दगावते आणि भेटीस गेलेला उपदेशक म्हणतो, "तुमच्या विश्वासात कोठे तरी अंधार असला पाहिजे." असे म्हणणे योग्य आहे काय?

सतराव्या शतकात युरोपातील चित्रकार गडद काळोखातून प्रकाश उजळवून धर्मविषयक चित्रे काढीत. हॉलंडातील रेम्ब्रांट (१६०६–१६६९) हा त्यांपैकी एक. सुमारे १६२९ साली त्याने अम्माऊस येथील भोजनाचे चित्र काढले. ते हल्ली पॅरिस शहरात आहे. त्यात तेज प्रभूच्या मुखावर असेल असे आपणांस वाटते. पण तसे नाही. दिवा प्रभूच्या पलीकडे झाकलेला आहे. उजेड भिंतीवर व दचकलेल्या शिष्याच्या तोंडावर पडला आहे, आणि प्रभू स्वतः काळ्या आकृतीसारखा दिसतो. दुसरा शिष्य त्याच्या पायांशी अंधारात गुडघे टेकून आहे. तो नीट दिसतही नाही. तरी प्रभूच्या अधिक जवळ तोच आहे.

ह्यावरून पापही चांगलेच, असे कोणी समजू नये. पाप म्हणजे दिव्याकडे पाठ फिरविणे होय. दुःख म्हणजे सावलीत असणे. आणि उजेड असल्यावाचून सावली पडत नाही. वैशाखात शहापूर-मुरबाडच्या माळावरून चालणारा मनुष्य आंब्याच्या सावलीस देवाची कृपाच म्हणतो. आपल्या भाषेतही आईबापांच्या आश्रयास छत्रछाया म्हणतात. वारली लोक गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चित्रे काढतात. चुन्याच्या पांढऱ्या भिंतीवर ती उठून दिसली नसती.

म्हणून, बंधुभगिनींनो, शोकाच्या घरी गेलो असता त्यांच्या दुःखाचे कारण त्यांच्या पदरी बांधू नये. चित्रातील त्या दुसऱ्या शिष्याप्रमाणे आपणही तेथेच, त्यांच्याजवळ, गुडघे टेकावे. शब्द सुचले नाहीत तरी चालेल.