हे कशावरून?

पानशेतच्या पुरावर पाच मिनिटांचा माहितीपट करायचा ठरलं की मुलांना लगेच मोबाईल घेऊन नदीवर धावायचं असतं. मी आधी त्यांच्या हाती कागद-पेन्सिल देते. एका पानावर सहा चौकटी. चौकटीत चित्र, खाली तीन ओळी: काय ऐकू येणार, किती सेकंद, आणि हे कशावरून? हा आमचा स्टोरीबोर्ड.

दहा सेकंदांची एक चौकट धरली तर पाच मिनिटांत तीसच चौकटी बसतात, आणि सांगण्यासारखं तर बरंच असतं. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं मातीचं धरण फुटलं, त्याच दिवशी खालचं खडकवासला धरणही फुटलं आणि मुठेचं पाणी पुण्याच्या पेठांत शिरलं. काम पुरं होण्याआधीच पानशेतमध्ये पाणी अडवलं होतं. बांध खचू लागल्यावर जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली. यातलं काय ठेवायचं, काय सोडायचं, यावर मुलं भांडतात. ते भांडण मला फार मोलाचं वाटतं. इतिहास म्हणजे निवड असते, हे धड्यातून कळत नाही. चौकटी संपायला लागल्या की कळतं.

खरी कसोटी मात्र तिसऱ्या ओळीची. एका मुलीने पेठेवर कोसळणारी घराएवढी लाट काढली होती. ‘कशावरून?’ची ओळ कोरी होती. ती ओळ भरायला मुलगी नदीकाठच्या वाड्यातल्या एका आजींकडे गेली. आजी म्हणाल्या, ‘‘लाट कुठली गं? पाणी पायरी पायरीने चढत आलं. आम्ही माडीवर, आणि खाली भांडी तरंगायला लागली.’’ मुलीने लाट खोडली आणि तीन चौकटींत जिना काढला. प्रत्येक चित्रात एक पायरी कमी. त्या तीन चौकटी पाहताना लाटेहून जास्त धडकी भरते.

काही चौकटींना फोटो मिळतच नाहीत. दुसऱ्याच कुठल्या पुराची चित्रफीत तिथे डकवणं सोपं असतं, आणि प्रेक्षकाला ते कळणारही नाही. पण ज्यांची घरंदारं गेली त्यांच्याशी ती प्रतारणा ठरते. अशा वेळी मुलं हाताने आकृती काढतात आणि पडद्यावर स्पष्ट लिहितात, ‘हे आमचं रेखाटन आहे.’ जिथे पुरावा नाही तिथे तसं सांगणं, हा प्रामाणिकपणा शाळेतच अंगवळणी पडावा.

शेवटची चौकट बहुतेकांना ओसरलेल्या पाण्याची हवी असते. मी विचारते, पाणी ओसरल्यावर माणसं कुठे गेली? मग शोध गोखलेनगरसारख्या पूरग्रस्तांसाठी वसवलेल्या वस्त्यांपर्यंत पोचतो, आणि पूर एका दिवसात संपला नव्हता, हे उमगतं.

तो दिवस कळत्या वयात पाहिलेली माणसं आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. शिक्षकांना माझी विनंती आहे: माहितीपट पुढच्या वर्षी झाला तरी चालेल, पण चौकटी आखून मुलांना या माणसांकडे याच वर्षी पाठवा.