गॅपचं काय सांगू?



आजचं वाचन: भगवद्गीता, अध्याय 17, श्लोक 15. विषय, वाणीचं तप.

आज थोडं माझंच सांगतो, कारण श्लोक नेमका वर्मावर लागला. आजारपणामुळे नोकरी सोडावी लागली आणि 3 वर्षं घरातच गेली. आता डॉक्टरांनी कामाची परवानगी दिली आहे. दोन महिन्यांपासून अर्ज करतोय. प्रत्येक फोनवर गाडी एकाच जागी अडते: "मधली 3 वर्षं काय करत होता?" उत्तर दिलं की म्हणतात, "कळवतो." कळवत कुणीच नाही.

परवा सीताबर्डीवर चहा घेताना मित्र म्हणाला, "काहून टेन्शन घेऊन राहिला बे? एक्सपीरियन्स लेटर बनवून मिळते. टाक भरून 3 वर्षं." खरं सांगतो, मोह झाला. घर आईच्या पेन्शनवर चाललंय. टेकडी गणपतीसमोर हात जोडले तरी डोक्यात तेच.

आणि आज हा श्लोक समोर आला. बोलणं कुणाला न दुखावणारं, सत्य, प्रिय आणि हिताचं असावं, जोडीला स्वाध्याय असावा, असं भगवंत सांगतात. बनावट लेटर सत्याच्या कसोटीवरच बाद होतं. तो विषय तिथेच संपला.

पण खरा प्रश्न पुढेच आहे. सत्य म्हणजे सगळंच सांगायचं का? आजाराचं नाव, रिपोर्ट, गोळ्या? नुसतं "तब्येतीमुळे थांबलो होतो" म्हटलं, तर ते धर्मराजाचं नरो वा कुंजरो वा होतं का?

मला फरक असा वाटतो. द्रोणाचार्यांनी खोट्यावर विश्वास ठेवावा, यासाठीच युधिष्ठिर तसं बोलला. म्हणून जमिनीपासून चार बोटं वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला. मी "आजारी होतो, आता बरा आहे, काम करू शकतो" म्हणतो, तेव्हा समोरच्याच्या मनात काहीच खोटं उभं राहत नाही. आजाराचं नाव माझ्यापाशी राहिलं तरी चालेल. म्हणूनच ते इथेही लिहिलं नाही. पण कामावर परिणाम होईल ते लपवायचं नाही. मला रात्रपाळी झेपणार नाही, हे मी आधीच सांगणार. त्यात दोघांचंही हित आहे.

माऊली इथे परिसाचा दृष्टांत देतात. लोखंडाला न तोडता परिस त्याचं सोनं करतो, तसं बोलणं असावं. हे स्वतःशी बोलतानाही लागू आहे ना? "3 वर्षं वाया गेली" असं मी स्वतःला रोज ऐकवतो. ते सत्यही नाही आणि हिताचंही नाही. त्या वर्षांत मी पुन्हा उभा राहिलो.

अशा माणसांकडे बघायचं कसं, हे आपल्या विदर्भानेच दाखवलंय. बाबा आमट्यांनी 1949 मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि वरोऱ्याजवळ आनंदवन उभं राहिलं. कुष्ठरोगातून बरं झालं तरी बाहेर कुणी काम देत नव्हतं. त्याच माणसांनी तिथे विहिरी खोदल्या, शेती केली, कॉलेजची इमारतसुद्धा बांधली. रोग शरीरातून जातो, पण लोकांच्या नजरेतून जायला वेळ लागतो. तुमच्यापैकी जे मुलाखत घ्यायला बसतात, त्यांना एवढीच विनंती: रेझ्युमेत गॅप दिसली, तर "काय झालं होतं?" याआधी "आता काय करू शकता?" हे विचारा.

मित्राला "नको रे" असा मेसेज केला. रेझ्युमेत एक ओळ लिहिली: "3 वर्षं आजारपणामुळे खंड, आता पूर्णवेळ कामासाठी तयार." नोकरी कधी लागेल ते विठ्ठलाला माहीत. उद्या सकाळी पुन्हा दोन अर्ज पाठवायचे आहेत.

आजचा संकल्प: स्वतःबद्दल एक तरी वाक्य सत्य आणि हिताचं बोलूया.

उद्या श्लोक 16, मनाचं तप.

जय हरी 🙏